तिघांनी निघू नये

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या पेशी मोजते. एरवी मशिन मोजतं, पण मशिनला शंका आली की स्लाइड माझ्याकडे येते आणि मी मायक्रोस्कोपला डोळा लावून एकेक पेशी मोजून काढते. हे सांगायचं कारण एवढंच, की मला मोजता येतं. माणसं तीन आहेत की चार, यात माझी गल्लत होत नाही.

ऑक्टोबरमधल्या हाफ टर्मच्या शाळेच्या सुट्टीत आम्ही डेल्फ्टला जायचं ठरवलं होतं. हॉलंडमधलं कालव्यांचं जुनं गाव, निळ्या-पांढऱ्या भांड्यांसाठी आणि टाइल्ससाठी प्रसिद्ध. सियाला शाळेत त्या टाइल्सवर प्रोजेक्ट होता, नकुलला बोटीत बसायचं होतं आणि मला परीक्षित हवा होता. माझा नवरा. तो घरूनच काम करतो, म्हणजे दिवसभर घरात असतो आणि कुणाच्या वाट्याला येत नाही. लंडनजवळ मेडनहेडच्या आमच्या घरातली बॉक्स रूम, म्हणजे खरं तर अडगळीची खोली, हे त्याचं ऑफिस. मुलं त्या दाराला कान लावून आत शांतता आहे का बघतात आणि मगच दार ढकलतात. पाच वर्षांच्या नकुलला ‘म्यूट’ हा शब्द ‘माझा’ या शब्दाच्या आधी आला होता.

निघायच्या आदल्या संध्याकाळी परीक्षित खाली आला आणि फ्रिजला टेकून उभा राहिला. तो असा उभा राहिला की मला कळतं.

“डोन्ट गेट अँग्री,” तो म्हणाला. “नव्या सिस्टिमचं गो-लाइव्ह वीकेंडवर ढकललंय. अख्खी टीम ऑन-कॉल आहे. आय कान्ट जस्ट डिसअपिअर, कस्तुरी.”

“घरात तर तेच करतोस.”

“तुम्ही तिघं जा ना. मुलांना मजा येईल.”

कॉर्नवॉलच्या ट्रिपच्या वेळी त्याने हेच केलं होतं. नकुलच्या वाढदिवसालाही हेच. मी भांडले नाही, कारण सासूबाई बाहेर टीव्ही बंद करून बसल्या होत्या. बॅगेतले त्याचे कपडे काढून मी सोफ्यावर फेकले आणि चेन लावली. रात्रभर डोकं तापलेलं होतं.

सकाळी टॅक्सी दारात उभी राहिली तेव्हा सासूबाई आडव्या आल्या. सुहासिनीआई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या आहेत. बाई शांत, पण काही बाबतींत हलत नाहीत.

“तिघांनी निघू नये गं,” त्या म्हणाल्या.

हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं आणि त्याचं कारण कुणी विचारत नाही. तिघांनी निघायचं नाही, निघावंच लागलं तर एक खडा चौथा म्हणून बरोबर घ्यायचा. माझी आईसुद्धा घ्यायची. सुहासिनीआई चपला घालून बाहेर गेल्या, ड्राइव्हवेवरच्या खडीतून निवडून एक खडा आणला. राखाडी, मधून पांढरी रेघ गेलेला. मग त्यांनी परीक्षितला हाक मारली. तो कानाला हेडसेट लावूनच दाराशी आला.

“मुठीत धर,” आई म्हणाल्या. “तुझ्याऐवजी जातोय तो.”

त्याने तो मुठीत धरला. नजर कुठेतरी दुसरीकडेच होती, मीटिंगमध्ये कुणीतरी त्याला काहीतरी विचारत होतं. मग खडा माझ्या हातात देऊन, अंगठा वर करून तो जिना चढून गेला. मुलांना त्याने बायसुद्धा केलं नाही.

“परत आलीस की जिथला तिथे ठेवायचा हं,” आई मला म्हणाल्या. “विसरू नकोस.”

मी खडा कोटाच्या खिशात टाकला. नवऱ्याऐवजी दगड, मनात म्हटलं, फार काही बिघडणार नाही.

लंडनहून रॉटरडॅमच्या ट्रेनमध्ये आमच्या चार सीट समोरासमोर होत्या, मध्ये टेबल. परीक्षितची खिडकीजवळची रिकामी होती. समुद्राखालच्या बोगद्यातून बाहेर आल्यावर एक बाई कॉफीचा कप सांभाळत आमच्यापाशी आली. रिकाम्या सीटकडे बोट करून तिने तोंड उघडलं आणि थांबली. “ओह, सॉरी. आय थॉट इट वॉज फ्री,” असं त्या सीटलाच म्हणून ती पुढे गेली. मला वाटलं, मुलांचा पसारा बघून पळाली असेल.

डेल्फ्ट सुंदर आहे, हे मी रागातही कबूल करते. कालव्याचं पाणी हिरवं आणि अगदी संथ, त्याच्यावर लिंडनच्या झाडांची पिवळी पानं. घरं उंच आणि चिंचोळी, खिडक्यांना पडदे नाहीत, त्यामुळे लोकांचे दिवाणखाने येताजाता दिसतात. सगळीकडे सायकली. चौकात एका टोकाला नवं चर्च, नवं म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीचं, आणि तिकडे कालव्याच्या काठावर जुनं, ज्याचा मनोरा चक्क तिरका आहे. हवेत पाण्याचा आणि तळलेल्या बटाट्यांचा वास. हे सगळं मी एकटी बघत होते आणि जे जे आवडत होतं त्याचा आणखी राग येत होता.

पॅनकेकच्या दुकानात वाढणाऱ्या मुलीने आमच्या टेबलावर चार काटे, चार सुऱ्या मांडल्या.

“थ्री,” मी म्हटलं.

तिने चौथ्या खुर्चीकडे पाहिलं. “ही इज नॉट ईटिंग?”

“देअर इज नो ‘ही’,” मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा, कारण शेजारचे लोक वळले. मुलीने माफी मागून काटा-सुरी उचलली. पाण्याचा चौथा ग्लास मात्र तिथेच राहिला.

बोटीत चढताना नावाडी प्रवासी मोजत होता. आमच्यापाशी त्याचं बोट चार वेळा हललं. एक बाई दोन मुलं घेऊन फिरते म्हटल्यावर लोक मनातल्या मनात तिला एक नवरा जोडून देत असतील. साताऱ्यात देतात, इथेही देत असतील. खिशात हात घातला तर खडा गरम लागला. अंगाची ऊब, दुसरं काय.

पण बोटीतून उतरल्यावर नकुल विचित्र चालायला लागला. माझा हात धरून चालायचा तो मागे राहू लागला, आणि त्याचा उजवा हात खांद्याच्या वर, हवेत. मोठ्या माणसाचा हात धरल्यावर लहान मुलाचा हात जसा वर ओढला जातो, अगदी तसा. दगड बसवलेल्या रस्त्यावर तो अडखळला आणि पडला नाही. कुणीतरी वर उचलल्यासारखे त्याचे पाय क्षणभर सुटले, मग टेकले.

“नकुल, हात खाली कर.”

“का?” तो म्हणाला. “बाबाची हात गरम आहे.”

मी सियाकडे पाहिलं. ती दहा वर्षांची आहे, भावाची एकही चूक सोडत नाही. पण ‘बाबाचा हात’ असं तिने सुधारलं नाही. ती दुसरीकडे बघत हसत होती.

चौकात एका म्हाताऱ्याला मी आमचा फोटो काढायला सांगितलं. त्याने फोन आडवा धरला, मग दोन पावलं मागे सरकला आणि आणखी एक. तिघांसाठी एवढं मागे जावं लागत नाही. फोटोत आम्ही तिघंच आहोत. मी डावीकडे, मुलं उजवीकडे, आणि मध्ये एका माणसाची जागा. सियाचं डोकं त्या रिकाम्या जागेवर कललेलं आहे. तसं अधांतरी डोकं टेकून कुणाला उभं राहता येत नाही.

दिवस कलला तेव्हा आम्ही तिरक्या मनोऱ्याखाली, कालव्याच्या काठावर आलो. पाण्यात एक हंस होता. तो बाबाला दाखवू, म्हणून मी व्हिडिओ कॉल लावला. मीच लावला. रिंग वाजली, कट झाली आणि मेसेज आला: ‘इन अ मीटिंग. कॉल यू लेटर.’

मी पुन्हा लावला. पुन्हा कट.

“आई, लीव्ह इट,” सिया म्हणाली. “हा बाबा बेटर आहे.”

“कोण हा?”

“हा.” तिने मानेने शेजारी दाखवलं. “हा ऐकतो.”

माझ्या डोक्यात रक्त चढलं. मला भीती वाटायला हवी होती, पण आला तो संतापच. त्या फोनचा, त्या बॉक्स रूमच्या दाराचा, मुलीच्या चेहऱ्यावरच्या त्या समाधानाचा. वर्षानुवर्षं जे माणूस देऊ शकला नाही ते ड्राइव्हवेवरचा एक खडा एका दिवसात देत होता. मी खिशातून तो काढला. तो तापलेल्या कपाळासारखा लागत होता.

“नको आम्हाला चौथा,” मी मोठ्याने म्हटलं. “आम्ही तिघंच आहोत. तिघंच बरे आहोत.”

आणि फेकला.

पाण्यात काही पडल्याचा आवाज आला नाही.

हंसाने मान वर केली.

नकुलचा वर धरलेला हात एकदम खाली पडला. तो रडला नाही. त्याने आपला तळवा उलटसुलट करून पाहिला आणि कोटाला पुसला.

दुसऱ्या दिवशी पॅनकेकच्या दुकानात त्याच मुलीने न विचारता तीन काटे मांडले.

मेडनहेडला परतलो तेव्हा दार परीक्षितने उघडलं. चेहरा ओढलेला, दाढी वाढलेली. “थकलोय,” म्हणाला. “काल संध्याकाळपासून अंगात थंडी भरलीये.” मागून आई आल्या.

“खडा?”

“पडला कुठेतरी.”

आई माझ्याकडे बघत राहिल्या. मग बाहेर जाऊन त्यांनी खडीकडे उगाच खाली वाकून पाहिलं आणि आत आल्या. त्या रात्री त्यांनी टेबलावर चार ताटं मांडली. आम्ही पाच जण होतो.

“आई, परीक्षितचं?”

“अगं बाई, खरंच की,” म्हणून त्या हसल्या आणि त्यांनी ताट आणलं. पुढच्या आठवड्यात मी आठवण करून दिल्यावर आणलं. त्यानंतर मीच आणायला लागले.

सुपरमार्केटचं आपोआप उघडणारं दार त्याच्यासाठी उघडेना. तो मागे सरकायचा, पुढे यायचा, हात हलवायचा. शेवटी मी गेले की उघडायचं. त्याच्या मीटिंगा कमी झाल्या. आधी तो खूश होता, मग दिवसभर बॉक्स रूममध्ये नुसता बसायला लागला. कुणी हाकलत नव्हतं, कुणी बोलावतही नव्हतं. दिवाळीच्या सामानासाठी वेम्बलीला जाताना ट्रेनमध्ये एका माणसाने आपली बॅग परीक्षितच्या मांडीवर ठेवली. रिकाम्या सीटवर ठेवतात तशी, अगदी सहज. मी त्या माणसावर अशी ओरडले की डब्यातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्याकडेच. मुलं खिडकीबाहेर बघत होती.

“बाबा कुठे आहे?” घरी आल्यावर मी नकुलला विचारलं. परीक्षित त्याच्या शेजारी बसला होता.

नकुलने विचार केला. “मीटिंगमध्ये,” तो म्हणाला. आणि खेळायला लागला.

परीक्षितने माझ्याकडे पाहिलं. “कस्तुरी, काय होतंय?” त्याचा आवाज दाराआडून यावा तसा येत होता. त्याचा हात हातात घेतला तर कालव्याच्या पाण्याइतका गार.

मला तो अजून दिसतो. का दिसतो तेही मला कळलंय. मी त्याच्यावर चिडलेली आहे. बाकी सगळ्यांनी त्याच्याशिवाय जमवून घेतलं, मुलांनीही. मला ते जमलं नाही. म्हणून मी रोज सकाळी कॉर्नवॉल आठवते, वाढदिवस आठवते, तो वर केलेला अंगठा आठवते आणि राग पेटता ठेवते. एकदा त्याने माझ्यासाठी चहा करून आणला आणि मला वाईट वाटलं, माया आली, तर कप माझ्यासमोर होता आणि तो धरणारं कुणी नव्हतं. मी घाबरून किंचाळले, नाही नाही ते बोलले, तेव्हा कुठे कपामागे त्याची बोटं आली.

मग मी डेल्फ्टची चार तिकिटं काढली. कालव्याच्या तळाशी खडा कसा शोधतात मला ठाऊक नाही. तिरक्या मनोऱ्याखाली उभं राहून जे बोलले ते मागे घ्यायचं, नाहीतर स्वतः पाण्यात उतरायचं, एवढंच ठरवलं होतं. परीक्षितला सांगितलं. या वेळी तो लगेच हो म्हणाला.

निघायच्या सकाळी टॅक्सी दारात आली. मुलं बूट घालून उभी होती. परीक्षितने दोन्ही बॅगा उचलल्या, हेडसेट नव्हता, फोनसुद्धा खिशात होता. मी मनात मोजलं. सिया, नकुल, मी, तो. चार.

आई चपला घालून बाहेर गेल्या. खडीवर वाकल्या. उठून आल्या तेव्हा त्यांच्या बोटांत एक खडा होता.

“आई, नको,” मी म्हटलं. “आई, नीट बघा.”

परीक्षितने बॅग खाली ठेवली आणि आपणहून हात पुढे केला, मूठ उघडून, मागच्या वेळेसारखा. तो आईच्या अगदी समोर होता.

“तिघांनी निघू नये गं,” आई म्हणाल्या आणि त्यांनी तो माझ्या हातात ठेवला.

खडा गार होता.