चाळीस दिवसांची शीळ

सन २०३६. रानातून संपलेल्या निळ्या माशीमार पक्ष्याचे, जतन केलेल्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेले तीस नर आंबोलीच्या संवर्धन केंद्राने दरीपलीकडे सोडले, आणि नवव्या दिवशी केंद्रामागच्या ओहोळावर स्वरतुळेने एकतिसावा नर ऐकला. पक्ष्याचं गाणं जोखणारं हे यंत्र भारी तोऱ्याचं. निकाल आला : ‘जुन्या टेपशी साम्य अकरा टक्के. परकी जात.’

‘उद्या जाळं लावून याला लांब नेऊन सोडू,’ डॉ. मुक्ता किरपेकर म्हणाल्या. ‘आपल्या नरांच्या जागा अडवेल.’

सहदेव गावस दुर्बिणीतून बघत होते. चाळीस वर्षं ते याच रानात वनरक्षक होते. तो नर बुटक्या फांदीवरून झेपावला, चिलट टिपलं, परत त्याच फांदीवर बसला आणि गायला. गावसांनी हे गाणं विशीत दोनदाच ऐकलं होतं. संपला म्हणून सोडून दिलेल्या वंशाचा शेवटचा नर उद्या इथून जाणार होता.

‘मॅडम, पिल्लां आयकतत ताच शिकतत ना?’

‘पहिल्या चाळीस दिवसांत कानावर पडेल तेच. नर तसं गातो, मादी तसं गाणाऱ्यालाच वरते. पुढे जन्मभर बदल नाही. म्हणून तर या पक्ष्याच्या गाण्याची तुमची चाळीस वर्षांपूर्वीची टेप ऐकवली.’

‘ती खोटी आसा.’ गावसांनी मान खाली घातली. ‘बावीस दिस रानात बसलंय. पक्षी काय बोलाक नाय. तेवाच्या सायबांका टेप व्हयी होती. मगे मीच शीळ घातलंय.’

मुक्ताबाईंना राग आला, खूप आला. तीस नर एका माणसाची नक्कल करत होते, आणि यंत्रही त्याच टेपवर घडवलेलं. मग त्यांना पिंजऱ्यातल्या माद्या आठवल्या. त्याही तीच शीळ ऐकून वाढलेल्या.

त्यांनी एक मादी ओहोळावर सोडून पाहिली. नर जीव तोडून गायला. तिने ढुंकूनही पाहिलं नाही. गावसांनी हळूच शीळ घातली, तशी ती भुर्रकन त्यांच्या डोक्यावरच्या फांदीवर येऊन बसली.

मुक्ताबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग नराच्या बुटक्या फांदीकडे.

‘गावसकाका, उद्यापासून त्या नराच्या फांदीखाली बसा आणि घाला शीळ. ती तुमच्यासाठी येईल, पण शीळ त्याचीच समजेल, आणि गाठ त्याच्याशी पडेल. मात्र अंडी फुटली की चाळीस दिवस तोंड उघडायचं नाही. पिल्लांनी बापाचंच ऐकायला हवं.’

‘चाळीस वर्सां उघडूक नाय, मॅडम,’ गावस म्हणाले. ‘चाळीस दिसांचा काय घेवन बसलात!’