भलत्या खांबाखाली

मानेवर काहीतरी गार, चिकट टपकलं तेव्हा मी विहिरीवर ओणवी होऊन मीठ मोजायचं यंत्र पाण्यात सोडत होते. बोटाने पुसून चाखलं... गोड.

"बाजूला हो, अजून सांडेल," वरून आवाज आला.

मी वर पाहिलं. माडाच्या शेंड्यात दोन पाय, एक सुरी आणि बरंचसं हसू दिसलं.

"आधी सांगता येत नाही?"

"गात होतो की. माडावर माणूस आहे हे खालच्यांना कळावं म्हणूनच गायचं असतं. तिकडे राजधानीत, तारावात शिकवत नाहीत का हे?"

"ते गाणं होतं? मला वाटलं कुणाचं डुक्कर अडकलंय."

तो सरसर खाली उतरला आणि नीरेने भरलेली करवंटी माझ्यापुढे धरली. "घे. मानेवरची चाटण्यापेक्षा ही बरी."

त्याचं नाव काइतू. मी घोटभर प्यायले आणि गाणं तितकंसं वाईट नव्हतं हे मनातल्या मनात कबूल केलं. तोंडाने नाही. मला कुणाला आयतं काही द्यायची सवय नाही.

बेरू बेटावर मी सरकारी कामावर आले होते. विहिरींचं मीठ मोजायचं आणि किनाऱ्यावर भरती मोजायची पट्टी रोवायची. गावाने हो म्हटलं तर पट्टीची रोज नोंद घ्यायला मी वर्षभर राहणार होते, आणि बेटाच्या मधोमध नवी गोड्या पाण्याची विहीर खणली जाणार होती. पण हो म्हणायचं ते मनेआबात, म्हणजे गावाच्या सभेच्या मोठ्या छपराखाली, आणि तेही म्हाताऱ्यांनी. ते नाही म्हणाले तर शनिवारच्या बोटीने मी परत. आणि सगळ्यात मोठ्याने नाही म्हणत होते ते तेबाओ, काइतूचे सख्खे आजोबा.

"पृथ्वी पुन्हा पाण्याने बुडवणार नाही असं देवाने नोहाला वचन दिलंय," ते म्हणायचे. "मग पट्टी कशाला? देवाच्या शब्दावर पहारा ठेवायला?"

अर्धं गाव मान डोलवायचं. उरलेल्या अर्ध्याची खड्ड्यातली अळवं मिठाने जळाली होती, ते वाद घालायचं. चर्चच्या पायरीवर, दुकानात, मासे साफ करताना, जिथे चार माणसं जमतील तिथे समुद्र चढतोय की नाही हा विषय निघायचा. मी ज्यांच्याकडे उतरले होते त्या माझ्या मावशीत आणि काकांत तर यावरून दोन दिवस अबोला होता. आमटीत मीठ जास्त झालं असं काका म्हणाले, आणि मावशीला तो टोमणा वाटला.

मी रोज विहिरी मोजत फिरायची. काइतू सकाळ-संध्याकाळ माडांवर. आणि योगायोग असा की, मी ज्या विहिरीवर जाईन तिच्याच शेजारच्या माडावर त्याला काम निघायचं.

"आज किती मीठ?"

"कालच्यापेक्षा जास्त. तुझं गाणं ऐकून विहीर रडत असेल."

"मग हळू गातो."

"नको... इतकं काही नाही."

मग तो खाली यायचा, यंत्राचा दोर धरायचा. दोर धरायला एक माणूस पुरतो हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्याची बोटं माझ्या बोटांना लागायची आणि मी आकडा चुकीचा लिहायची, मग खोडायची. तो ते बघायचा आणि काही बोलायचा नाही, हे जास्तच वाईट.

चौथ्या दिवशी मी सहज विचारलं, "तुझ्या आजोबांचे माड तर पलीकडे आहेत ना, समुद्राच्या काठाला? मग त्यांची नीरा तू या मधल्या माडांवरून का काढतोस?"

त्याचा दोरावरचा हात थांबला.

"ते माड त्यांच्या जन्माच्या वेळी लावलेले," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली, मुळांना मीठ लागलंय, पोय धरत नाहीत. फुलोराच नाही तर नीरा कुठली? आजोबांचे गुडघे गेलेत, तिकडे जाववत नाही. रोज सकाळी विचारतात, माझ्याच माडांची ना? मी हो म्हणतो."

"आणि गावात कुणालाच माहीत नाही?"

"ज्यांना माहीत आहे ते गप्प आहेत. थोरामोठ्यांना तोंडावर खोटं कोण पाडणार?"

मला राग आला. "म्हणजे माझे आकडे खोटे, आणि तुझी करवंटी खरी?"

"तिनाई... म्हातारा माणूस आहे. सकाळी एक करवंटी पितो आणि दिवसभर खूश असतो. ती कशी काढून घेऊ?"

कुणाला सांगू नकोस, तो म्हणाला. नाही सांगणार, मी म्हणाले. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. आणि त्याच क्षणी मला लख्ख कळलं की शनिवारची बोट मला नको आहे. समुद्रासाठी नाही, विहिरीसाठीही नाही. या खोटारड्यासाठी.

शुक्रवारी उन्हं कलल्यावर सभा भरली. त्या दिवशी मोठी भरती होती. मनेआबात प्रत्येक घराण्याची जागा एकेका खांबाखाली पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असते. बाप बसला तिथे मुलगा बसतो, आणि सून आली की ती नवऱ्याच्या खांबाखाली. पाहुण्यांच्या चटया समुद्राच्या बाजूला. मी तिथे बसले आणि थोड्याच वेळात माझा झगा ओला झाला. जमिनीवरच्या खडीतून पाणी वर येत होतं. मी कागद छातीशी धरले, वाकून चार पावलं गेले आणि पहिली कोरडी जागा दिसली तिथे बसले.

बोलणं थांबलं. मावशीने कपाळावर हात मारून घेतला. एका म्हातारीला हसू आवरेना. मी शेजारी पाहिलं, तर काइतू मान खाली घालून बसलेला... तारावात वाढलेली मी, साऱ्या गावादेखत तेबाओंच्या घरची सून होऊन बसले होते.

"पोरी," तेबाओ म्हणाले, "इथे तुला कुणी आणलं?"

"पाण्याने, आजोबा. पाहुण्यांच्या चटया भिजल्या."

सभा हसली. तेबाओसुद्धा हसले. मग म्हणाले, "मोठ्या भरतीला पाणी येतंच. माझ्या लहानपणीही यायचं. समुद्र चढला असता तर काठावरचे माझे माड मेले असते. रोज सकाळी त्यांची नीरा पितो मी, पूर्वीइतकीच गोड. यावर काय म्हणणं आहे तुझ्या यंत्राचं?"

एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेच्या टोकावर आलं होतं. काइतूच्या मुठी गुडघ्यांवर घट्ट मिटलेल्या मला दिसत होत्या.

"यावर माझ्याकडे काही नाही, आजोबा," मी म्हणाले. डोळ्यांपुढे बोट दिसायला लागली.

"माझ्याकडे आहे," काइतू म्हणाला.

न विचारता तरुणांनी तिथे बोलायचं नसतं. तो जमिनीकडे बघत बोलला. "ती नीरा मधल्या माडांची असते, आजोबा. तुमच्या माडांना तीन वर्षं पोय नाही. मी खोटं बोलत आलो. हिला ते ठाऊक होतं, पण मी शब्द घेतला म्हणून ही आत्ता गप्प बसली. हिला खोटं पाडू नका."

तेबाओंनी सभा उठवली. "उद्या बसू," एवढंच म्हणाले.

शनिवारी सूर्य वर येतो न येतो तोच त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. एका बाजूने काइतूने धरलं, एका बाजूने मी, आणि आम्ही त्यांना हळूहळू काठावर नेलं. माडांची मुळं उघडी पडली होती. शेंडे नव्हतेच. तेबाओ एका खोडावर हात ठेवून उभे राहिले.

"तुझ्या यंत्राला देव दिसतो?"

"नाही, आजोबा. फक्त मीठ दिसतं."

"बरंय. देवाला मोजायला आली असतीस तर हाकललं असतं." त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी पुसले नाहीत. "बुडवणार नाही असं वचन त्याने दिलं. बसल्या जागेवरून हलू नका, असं काही तो म्हणाला नव्हता. ते मीच धरून बसलो. आज सभेत हो म्हणतो मी. विहीर खणू, पट्टीही रोव."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"पण काल तू आमच्या खांबाखाली बसलीस, त्याचं काय?" तेबाओ म्हणाले. "चुकून बसली असलीस तर गावाला मी तसं सांगतो. लोक चार दिवस हसतील आणि विसरतील."

काइतू समुद्राकडे बघत होता. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"तुझं काय म्हणणं?" मी त्याला विचारलं.

"मी... म्हणजे, ते चुकून झालं असं आजोबांनी सांगू नये, असं..."

"नीट बोल. माडावर चढलास की मोठा आवाज फुटतो."

"तू मला आवडतेस, तिनाई. काल तू गप्प बसलीस तेव्हा वाटलं, ही बोटीत बसून गेली तर मी सकाळ-संध्याकाळ भांडू कुणाशी?"

आजोबा खोडाकडे तोंड करून खोकले. मी त्यांना धरलं आणि आम्ही परत निघालो. असं उत्तर आमच्याकडे काठावर उभं राहून देत नाहीत.

अकराच्या सुमाराला सभा बसली. सभेला एवढ्या वेळेवर कधी न येणारी माणसंसुद्धा आज आधीच येऊन बसली होती. ओहोटी लागली होती. केवड्याच्या चटया सकाळच्या उन्हात वाळवून मावशीने पुन्हा नीट अंथरल्या होत्या. मी छपराखालून वाकून आत आले, तशी ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तिनाई, आज पाहुण्यांच्या चटया कोरड्या आहेत हो."

"माहीत आहे, मावशी," मी म्हणाले, आणि तेबाओंच्या खांबाकडे चालत गेले. काइतूने सरकून जागा केली.