चिपळीचा बुश

मोडकी वस्तू दिसली की लक्ष्मणरावांचे हात शिवशिवायचे. कंपनीत ते पेंटशॉपला होते. ना फिटर, ना टर्नर. पण पहिली शिफ्ट सुटली की आमच्या पिंपरीच्या कॉलनीत, त्यांच्या मागच्या ओट्यावर दुसरा कारखाना सुरू व्हायचा. गवत कापायची जुनी, हाताने ढकलायची मशिनं हा त्यांचा खास शौक. साहेबलोकांच्या बंगल्यांवर पेट्रोलची नवी मशिनं आली, तशी ही विलायती लोखंडं भंगारात निघाली होती. एका मशीनला त्यांनी सायकलची चेन बसवली होती, एकाला नळाच्या पाइपाचा दांडा. एकदा तर पात्यांना धार लावायला सुभद्रावहिनींचा पाटा घेतला, आणि त्यावरून घरात अबोला झाला.

मी त्यांच्या समोरच्याच ब्लॉकमध्ये राहायचो. टूलरूममध्ये इन्स्पेक्टर होतो. केसाएवढा फरक मोजायचा ही माझी नोकरी, आणि संध्याकाळी जिथे कीर्तन असेल तिथे जाऊन बसायचं हे माझं सुख. आकुर्डी म्हणू नका, भोसरी म्हणू नका, सायकल काढली की निघालो.

चौऱ्याहत्तर सालचा दसरा झाला होता. रेल्वेलाइनच्या कडेच्या आमच्या मैदानात गवत गुडघ्यापर्यंत आलं होतं. दिवाळीआधी पोरांना व्हॉलीबॉलचं नेट बांधायचं होतं. लक्ष्मणराव म्हणाले, मैदान मी कापतो. पण चेनवाल्या मशीनचा बुश गेला होता. पात्यांचा रूळ ज्याच्या आत फिरतो, तीच कडी झिजून गेलेली. असलं माप आता येत नाही म्हणून भोसरीच्या वर्कशॉपवाल्यांनी हात वर केले.

मग एक दिवस लक्ष्मणराव कासारवाडीच्या भंगारवाल्याकडून हसत हसत आले.

“दत्तोबा, बघ काय घावलं!”

त्यांच्या हातात एक चिपळी होती. एकटीच. जोडीची दुसरी नव्हती, झांजा कुणीतरी उपटून नेलेल्या. अंगठा धरायच्या जागी लाकूड वापरून वापरून खोलगट झालेलं.

“कुणा बुवांची असेल हो,” मी म्हणालो. “देवळात ठेवू या. नाहीतर नदीत सोडू.”

“आन् मशीन काय भजनावर चालवू? अरे, असलं मुरलेलं लाकूड आता मिळत न्हाई. तेलात उकळलं की पितळेच्या तोंडात मारंल.”

“नको, लक्ष्मणराव.”

“तू कीर्तनं ऐकून ऐकून पार लोणी झालायस लेका.”

त्यांनी ती चिपळी कापली, भोक पाडलं, तासून तासून बुश बसवला.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून येताना मैदानापाशी थांबलो. लक्ष्मणराव एका संथ चालीने मशीन ढकलत होते. चाकं एकसारखी फिरत होती. पण आवाज एकसारखा नव्हता. खटखट, खटखट, मग थोडं थांबून एक ठसठशीत खट्. एखादा मुद्दा सांगून बुवा श्रोत्यांकडे बघतात ना, तेवढंच थांबणं.

“बुश लंबगोल झाला असेल,” मी म्हणालो.

आम्ही तो काढला. मी मायक्रोमीटर लावला, फिरवून फिरवून लावला. बुश अगदी गोल होता. झिजेचं नावसुद्धा नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी कापलेल्या गवतात खळगे दिसू लागले. माणूस मांडी घालून बसून उठला की गवत दबतं, तसे. लक्ष्मणराव म्हणाले, पोरं बसली असतील. पण पोरं रांगा धरून बसत नाहीत. मध्ये माणूस चालेल एवढी वाट सोडलेली होती. वाटेच्या एका अंगाला खळगे मोठे, ऐसपैस. दुसऱ्या अंगाला दाटीवाटीने, आणि त्यांना चिकटून काही अगदी लहान. मी त्यांतल्या एकावर तळहात ठेवला. बाकी गवत थंड होतं. तो खळगा कोमट होता.

रोज नवी रांग यायची. ती आदल्या दिवसापेक्षा मशीनच्या जवळ असायची.

लक्ष्मणरावांचा आवाज बसला. दिवसभर कुणाशी फारसे न बोलणारे ते, पण घसा दिवसभर बोलल्यासारखा. एकदा ते मैदानातून आले तेव्हा कपाळावर मधोमध काळा टिपका होता.

“ग्रीस असंल,” त्यांनी मनगटाने पुसला.

मला वास आला. तो ग्रीसचा नव्हता, बुक्क्याचा होता.

कीर्तन अर्ध्यावर आलं की बुवांना बुक्का लावतात. म्हणजे अर्धं झालं होतं. आणि मैदानही अर्धं कापून झालं होतं.

“ते मशीन आता राहू द्या,” मी म्हणालो. “मी माळ्याला सांगतो.”

“मंडळी बसल्यावर मधनंच कसं थांबायचं?” ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून हसले, जणू आपण काय बोललो ते त्यांनाच कळलं नव्हतं.

रविवारी दुपारी सुभद्रावहिनी आमच्या दारात आल्या. पदराला पीठ लागलेलं.

“भावजी, आज हे कुणाकडे जेवायला जाणार हायेत?”

“का हो, वहिनी?”

“माझं पान वाढू नको म्हणाले. मशीन घेऊन गेले. मैदान झालं की त्यांच्याकडेच जेवायचंय म्हणाले. मी इचारलं कोण ते, तर सांगंनात.”

कीर्तन संपलं की बुवांना कुणीतरी आपल्या घरी जेवायला नेतं. ही रीत मला लहानपणापासून ठाऊक होती, गोड वाटायची. आता एकच विचार आला. ही मंडळी लक्ष्मणरावांना कुठल्या घरी नेणार?

मी पायांत चपला सरकवल्या आणि आम्ही धावत सुटलो.

लख्ख ऊन होतं. मैदान रिकामं होतं, आणि गच्च भरलेलं होतं. पार कुंपणापर्यंत रांगा. पलीकडच्या टोकाला उंच गवताचा एक पट्टा तेवढा राहिला होता. लक्ष्मणराव त्यात मशीन ढकलत होते. त्यांचे ओठ हलत होते.

“अहो!” वहिनी ओरडल्या. “अहो, घरी चला!”

त्यांनी वळून पाहिलं नाही.

मी त्या मधल्या वाटेनेच पळालो. दुसरी जागाच नव्हती.

खटखट, खटखट.

पट्टा हातभर उरला.

मी खाली वाकून चालत्या चेनमध्ये बोटं घातली आणि चेनच उपसून काढली. कातडी सोलली. मशीन थांबलं.

लक्ष्मणराव माझ्या अंगावर कोसळले. त्यांचा श्वास चालू होता, गरम होता. वहिनींनी त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि त्या नुसत्या “अहो, अहो” म्हणत राहिल्या. लक्ष्मणरावांनी डोळे उघडले. बायकोला ओळखलं.

“भूक लागलीया,” ते म्हणाले.

मी देवाचे आभार मानले. मोठ्याने मानले.

आवाज कुठेच नव्हता. लाइनवर गाडी नाही, झाडावर कावळा नाही. मग मागे गवत सळसळलं.

पुढच्या रांगेत दबलेलं गवत हळूहळू उभं राहत होतं. सगळं नाही. वाटेच्या एका अंगाला दोन माणसांपुरतं, दुसऱ्या अंगाला एका बाईपुरतं. शेजारचे खळगे तेवढेच पलीकडे सरकले. दाटीत उशिरा आलेल्यांना आपण जागा करून देतो, तशी.

“वहिनी, चला,” मी म्हणालो. “यांना धरा. मागे बघू नका.”

त्या हलल्या नाहीत. त्या खाली बघत होत्या. त्यांनी चपला काढून बाजूला नीट जोडून ठेवल्या होत्या.

त्यांना हाताला धरून ओढावं म्हणून मी पाऊल उचललं, तर माझ्या तळव्याला गवत गार लागलं.