दीड सेंटिमीटर

पोलीस भरतीला मुलींची उंची एकशे पंचावन्न सेंटिमीटर लागते. जत तालुक्यातली प्रांजल भरत होती एकशे साडेत्रेपन्न. धावण्यात, गोळाफेकीत तिचा हात धरणारी आसपासच्या गावांत कुणी नव्हती. तरी गेल्या वर्षी मोजपट्टीखाली उभी राहिली आणि दहा मिनिटांत मैदानाबाहेर आली.

त्यानंतर तिनं काय काय केलं! उशी सोडली, फरशीवर झोपली. मोबाइलवर बघून भिंतीला पाय लावून उलटी पडली. आत्यानं, सुलाबाईनं, तेल लावून पाठ रगडली. चौकटीवरची पेन्सिलीची रेघ काही हलली नाही.

शेवटी सुलाबाईनंच सांगाडा सुचवला. गावाबाहेर पाण्याच्या जुन्या टाकीचे लोखंडी खांब तेवढे उरले होते. वरच्या आडव्या पाइपला रोज दहा मिनिटं लोंबकळायचं. आत्या मेंढरं घेऊन सकाळी निघाली की प्रांजलही निघायची.

चौथ्या दिवशी ऊन चांगलं वर आलं होतं. प्रांजल डोळे मिटून आकडे मोजत होती. दोनशेच्या पुढं गेली आणि घोट्यांना गार हात लागले. हळूच, बेतानं खाली ओढ बसली. मणके एकेक करून सुटत गेले. बरं वाटलं.

"आत्ती, जरा जोरानं वढ की."

"काय म्हनलीस?" आवाज लांबून आला.

तिनं डोळे उघडले. सुलाबाई पार बाभळीखाली मेंढीच्या खुरातला काटा काढत बसली होती. घोट्यांवरची पकड तशीच होती. खाली नुसती माती.

घरी येऊन दोघींनी आळीपाळीनं टेप लावला. दोन मिलिमीटर वाढले होते.

"आत्ती, तितं कुनीतरी हाय."

सुलाबाईनं टेप गुंडाळला. मग म्हणाली, "दुकतंय का?"

"न्हाई."

"मग तुजं तू ठरीव, बाई. मी लांब जानार न्हाई, एवडंच सांगती."

प्रांजलनं ठरवलं. भीती वाटायची, पण त्या मैदानातून परत फिरण्याची जास्त वाटायची. आधी पकड दोनशे आकड्यांनंतर यायची. मग शंभरला आली. मग हात पाइपला टेकताच. मेंढरं सांगाड्याला वळसा घालून जाऊ लागली.

भरतीच्या दिवशी ती सांगलीपर्यंत पिकअपमध्ये पोत्यांवर आडवी पडून गेली. उभं राहून पाठ दबायला नको.

हवालदारानं पट्टी डोक्यावर टेकवली. परत टेकवली.

"एकशे पंचावन्न पॉइंट एक. पुढं चल."

पुढं ती चालली नाही, पळाली. आठशे मीटरला दुसरी मुलगी अर्धं वळण मागं होती. गोळा चुन्याच्या शेवटच्या रेघेपलीकडं पडला. यादीत नाव आलं तेव्हा तिनं आधी आत्याला फोन लावला.

"आत्ती, झालं!"

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!" सुलाबाई अशी ओरडली की शेजारच्या मुलींनाही ऐकू गेलं.

प्रशिक्षणाच्या पहिल्या दुपारी सगळ्या बूट काढून सावलीत बसल्या. दहिवडीची दीपाली प्रांजलच्या घोट्यांकडं बघत होती. तिथं बोटांचे पुसट वळ होते.

"किती कमी पडत हुतं?" दीपालीनं विचारलं.

"दीड."

"माजं एक."

दीपालीनं आपले मोजे वर ओढून घोट्यांवरचे तसलेच वळ झाकले. मैदानाकडं बघत, ओठ फारसे न हलवता ती म्हणाली,

"तुजं बोलाय लागलं का गं?"