कुठून ये म्हणू?

"नाव घेतलंस तर ठिकान पन घे, पोरी. नायतर ते मानूस येनार कुठून?"

दगडाबाईचा हा आवाज मी शहाऐंशी साली कोलशेतला, तिच्या ओटीवर बसून ऐकला. ती धवलारीण. कोळ्यांच्या लग्नात, हळद लागण्याआधी, घरातल्या मेलेल्या माणसांना गाण्यातून आवतण देणं हे तिचं काम. नुसतं नाव घेऊन भागत नसे. जो जिथे गेला, मिठागराच्या कोंडीत की खाडीत, तिथूनच त्याला बोलवायचं.

मिठाच्या कोंडीतून या हो धाकूबा,
दारी मांडव घातला, सावलीला उभं ऱ्हा.
खाडीच्या पाण्यातून या गो गंगूबाय,
हळदीच्या घरामंदी तुमची वाट हाय.

पुढे दगडाबाईही गेली. तिची गाणी लोकगीतं जमवणाऱ्या आमच्या संस्थेच्या वर्तकनगरमधल्या दोन खोल्यांत कॅसेटवरून संगणकात आली. गाण्यातल्या प्रत्येक माणसाची मी एक नोंद केली: नाव, घर, ठिकाण. शोध मात्र थेट नोंदींतून होत नसे. संगणक त्यांची वेगळी अनुक्रमणिका बांधून ठेवी आणि तीच चाळून नाव काढून देई. म्हणून एखादी नोंद पुसली की अनुक्रमणिका नव्याने बांधावी लागे. नाहीतर पुसलेलं नावही सापडत राही.

चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात, भर दुपारी, दगडाबाईचा मुलगा दामाजी संस्थेत आला. मागोमाग त्याची मुलगी मालन, हातात नुकताच भरलेला हिरवा चुडा. दोन दिवसांनी तिचं लग्न होतं.

"नवी धवलारीण जनाबाय," दामाजी म्हणाला. "गळा हाय तिला, पन आमच्या घरातली नावं ठाव नाय. आयच्या गान्यातली छापून द्या, ताई."

"जनाबाईंना वाचता येतं?"

"मी वाचणार, ती गाणार," मालन म्हणाली. "दहावी कॉपी करून पास झालेली मी. आता हळदीत पण कॉपी."

मी त्यांच्या घराची यादी पडद्यावर आणली. धाकू, मिठाची कोंडी. गंगूबाई, खाडी. सगळ्यांत शेवटी मंजुळा. तिच्यापुढे ठिकाण कोरं. हे नाव घेतल्यावर दगडाबाई ठसका लागल्यासारखी थांबली होती आणि टेप बंद कर म्हणून तिने हाताने खूण केली होती. मीही रकाना तसाच सोडला होता.

"ही काढा," दामाजी म्हणाला.

"कोण ही?"

"माझी आई," मालनने सांगितलं. "मी दीड वर्षाची होते, तेव्हा आंबिवलीच्या कुणाबरोबर तरी पळून गेली. आजी पण ना. जित्या बाईला मेलेल्यांच्या पंगतीत बसवलं."

"म्हनून तर काढा. जित्या मानसाला असलं आवतन देऊ नये."

मला पटलं. मी नोंद पुसली, अनुक्रमणिका बांधायला लावली. यंत्र थोडा वेळ घरघरलं. यादी उघडली तर मंजुळा जागच्या जागी.

"हे मशीन पण सासूच्या वरताण दिसतंय, सोडत नाही," मालन हसली. मग पदराने ओठ पुसत म्हणाली, "ताई, पाणी आहे? तोंड कसं खारट झालंय."

मी माठातलं पाणी दिलं. एक घोट घेऊन तिने पेला खाली ठेवला. "हे पण खारटच."

मी चाखून पाहिलं. पाणी गोडं होतं.

पुन्हा पुसलं. या वेळी नोंदींची फाइल उघडून, मंजुळा तिथे खरंच उरली नाही हे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मगच अनुक्रमणिका बांधली. यादी एका ओळीने आखूड व्हायला हवी होती. झाली नव्हती. शेवटी, मंजुळाच्या जागी, मालन असं लिहिलं होतं. ठिकाण कोरं.

त्या नावाची नोंद मी कधी केलीच नव्हती.

मालनला खोकला आला. तोंडावर धरलेला रुमाल तिने उघडून पाहिला. त्यावर करडा चिखल होता. खाडीकाठच्या खाजणात असतो तसा, लोण्यासारखा मऊ, शिंपल्यांची कच मिसळलेला.

"दामाजी, मंजुळाचं नाव परत घालते मी."

"नको. परत बांधा."

"पोरीकडे बघा तुमच्या."

"बांधा म्हनतो ना." तो पोरीकडे बघत नव्हता. पडद्याकडे बघत होता.

मी हात मागे घेतले. त्याने मघापासून माझी बोटं नीट पाहून ठेवली असावीत. पुढे वाकून त्याने तीच कळ दाबली.

यंत्र घरघरलं.

मालनच्या नाकातून गढूळ पाणी आलं. ती टेबलाची कड धरून श्वास ओढू लागली. चुडा लाकडावर वाजत होता, वाजतच होता.

मी दामाजीला ढकलून मंजुळाचं नाव टाइप केलं. कर्सर ठिकाणाच्या रकान्यात जाऊन थांबला.

"कुठून ये म्हणू?" मी विचारलं.



"दामाजी, कुठून?"

चुडा वाजायचा थांबला.

"बांध," तो म्हणाला. "आमच्या खाजनाचा बांध. त्याच्या पोटातून."

मी लिहिलं. अनुक्रमणिका बांधली. यादीत मालन नव्हती. जमिनीवर कोसळलेल्या मालनने लांब, फाटका श्वास घेतला.

 मग तिने मनगटाने तोंड पुसलं.

"पुरलीत तेव्हा मेलेली होती ना, बाबा?"

"भरतीनं बांध फोडलेला. मी माती टाकून बुजवत होतो. सकाळी भांडन झालेलं आमचं. ती खाली उतरली नि कमरेपर्यंत रुतली. हात दे म्हनली. मी माती टाकत राह्यलो."

"आणि मी कुठे होते?"

दामाजीने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"वरती, बांधावर बसवलेली तुला. रडशील म्हनून मी सांगितलं, आय लपाछपी खेलते. तू टाल्या वाजवत होतीस."