दिग्गीच्या डोंगरावरचा धूर

दिग्गी गावामागचा सुळक्यासारखा डोंगर धूर सोडतोय, असं कळताच बेळगावचे दत्तात्रय मास्तर थेट ज्वालामुखी शोधायलाच निघाले! साल १९१२, महिना वैशाख. ज्वालामुखी सापडला तर मास्तरांचं नाव भूगोलाच्या पुस्तकात जाणार होतं.

वाटाड्या होता दिग्गीचा झिलू. धूर कशाचा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सरकारची बंदी मोडून त्याचा भाऊ लखू तिथं कुमरी करत होता, म्हणजे रान जाळून राखेत नाचणी पेरणार होता. जंगलखात्याच्या साहेबाला कळलं तर लखूला तुरुंग! म्हणून झिलू गप्प राहिला.

दुपारी झऱ्याकाठी झिलूनं आंबील चुलीवर ठेवली. ती उतू जाऊन दगडावर पसरली, तसे मास्तर खुलले.

"बघ! पातळ लाव्हा असाच सहज वाहतो, लांब पसरतो. त्याचा डोंगर पालथ्या ढालीसारखा बसका. लाव्हा घट्ट असला तर तोंडाशीच साठून उभा सुळका होतो. त्यात वाफ कोंडली की स्फोट! गावंच्या गावं राख!"

"मग आमचा डोंगर कंच्या जातीचा, मास्तर?"

"उभा आहे ना? म्हणजे भडकणारा!" मास्तरांनी आपल्यातली अर्धी भाकरी झिलूपुढं सरकवली. झिलूनं ती न खाता फडक्यात बांधली. इतक्या भल्या माणसाला आपण फसवतोय, याची त्याला लाज वाटत होती.

सरळ वाट कुमरीतून जात होती. झिलूनं मास्तरांना काळी नदीवरच्या कड्याकडं वळवलं.

वाट हातभर रुंदीची उरली. एक दगड निसटला. मास्तर घसरले! झिलूनं झडप घातली. मनगट हाती लागलं. खांद्यातून कळ गेली. पण हात सुटला नाही! वर ओढून घेतलं, तर मास्तरांचा पाय गुडघ्याखाली मोडलेला.

एकट्यानं त्यांना नेणं शक्य नव्हतं. हाकेच्या अंतरावर माणूस एकच, लखू. हाक मारली तर भाऊ उघडा पडणार, न मारली तर मास्तर इथंच संपणार. मग झिलू जिवाच्या आकांतानं ओरडला, "लखू! धाव रे!"

भावांनी मास्तरांना कांबळ्याच्या झोळीत घातलं आणि धुमसत्या कुमरीतून वाट काढली. मास्तर सगळं बघत होते.

"म्या मुद्दाम कड्यावर आणलं तुमास्नी," झिलू रडत म्हणाला. "पाप माजं हाय."

मास्तर धुराकडं बघत म्हणाले, "माझा ज्वालामुखी गेला रे, झिलू."

सुप्याच्या दवाखान्यात मास्तरांना बघायला आलेल्या जंगलखात्याच्या साहेबानं विचारलं, "मग धूर कसला?"

"धूर नव्हे, वाफ. वळवाच्या सरीनंतर तापल्या कातळाची. डोंगर थंड आहे," मास्तर म्हणाले. "आणि हा झिलू नसता तर मी वाचलो नसतो!"

झिलू वाकला. मास्तरांच्या मोडक्या पायापाशी त्यानं डोकं टेकलं.

"केवढी माया आहे बघा!" साहेब कौतुकानं म्हणाला.

झिलूनं डोकं वर काढलं नाही.