जुन्या नंबरचा चष्मा

दर बुधवारी सकाळी दहाला चष्मेकाका चर्चच्या मागच्या खोलीचं कुलूप काढायचे. खिडकी उघडायची, टेबल पुसायचं, नंबर मोजायच्या यंत्राचा दिवा लावायचा, आणि मग बोळातल्या पेटीला चावी लावायची. पेटी लाकडी, वर फट, तळाला पत्रा. कुणी जुना चष्मा टाकला की पत्र्यावर ‘टक्’ असा आवाज व्हायचा. कोण टाकतं ते बघायचं नाही, हा मंडळीचा नियम. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये, असं पाळकसाहेब सांगायचे. त्यावर काका म्हणायचे, "डाव्या हाताचं राहू द्या हो, असल्या मोडक्या काड्या देतात ते कुणालाच न कळलेलं बरं."

बोलायला तिखट, पण कामाला चोख. चाळीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलं, स्वतःच्या हातानं काचा घासल्या. आता हात थरथरत होते, दुकान गेलं होतं, घासायचं चाक भंगारात गेलं होतं. पेटीतल्या प्रत्येक चष्म्याचा नंबर काढायचा, चिठ्ठी लावायची आणि गरजूंच्या डोळ्यांशी जुळवायचा, एवढं राहिलं होतं. तेही खरं तर बायकोचं काम. पेटी तिनंच सुरू केली होती. ती गेली त्याला चौदा महिने झाले होते, आणि काका बुधवार पाळत होते ते देवासाठी नव्हे, तिच्यासाठी. बाकीचे सहा दिवस कुणी त्यांच्याशी बोलायला यायचं नाही.

तिचा नंबर मोठा विचित्र होता. उजवा डोळा उणे, चांगला जाड, त्यात सिलिंडर, म्हणजे बुबुळाच्या वाकडेपणाचा नंबर, तोही तिरका. डावा मात्र अधिक. काका तिला चिडवायचे, "तुझे डोळे एकमेकांशी बोलत नाहीत बघ. भांडण कधीचं आहे?" ती म्हणायची, "तुम्ही मध्ये पडलात ना, म्हणून मिटत नाही." तिच्या उजव्या डोळ्याचा नंबर वर्षाला पावानं वाढायचा आणि काका नवा चष्मा करून द्यायचे. तिच्या चष्म्याच्या डाव्या काडीवर, आतल्या बाजूला, सुईनं एक बारीक फुली काढायचे, म्हणजे दोघांचे चष्मे एकमेकांत जायला नकोत. ती त्याला क्रूस म्हणायची.

तिची एक खोड होती. नवा चष्मा तयार झाला तरी ती घालायची नाही. तो घरी कपाटात ठेवायचा, जुना घालून चर्चला यायचं, जुना पेटीत टाकायचा, आणि मग डोळ्यांवर काहीच नसताना काकांचा डावा कोपर धरून घरापर्यंत चाचपडत जायचं. काका वैतागायचे. "अगं, आधी नवा घाल, मग जुना दे. कुठे आपटलीस म्हणजे?" ती म्हणायची, "नवा घालून जुना दिला तर ते नकोसं झालेलं देणं. लागतोय तोवर दिला, तर तो दिला." शिवाय हा नंबर जगात कुणाला लागणार, असं काका विचारायचे. "लागेल की कुणाला तरी," एवढंच तिचं उत्तर.

तिचा शेवटचा चष्मा मात्र कुणी दिला नव्हता. तो काकांच्या शर्टाच्या खिशात असायचा. जेवायला बसले की ते तो काढून समोरच्या रिकाम्या जागी ठेवायचे, काचा आपल्याकडे करून. लोकांनी पाहिलं असतं तर म्हातारा चळला म्हणाले असते. पण बघायला होतं कोण?

शिवणवाली आली ती एका बुधवारी, पाळकबाईंबरोबर. चाळिशीची, किडकिडीत, बोटांना टोचल्याच्या खुणा. गणवेशांच्या कारखान्यात शिवायची.

"काका, टाका सरळ येत नाही," ती म्हणाली. "मुकादम म्हणाला, महिनाअखेरपर्यंत चष्मा लावून ये, नाहीतर येऊच नको. घरात मी एकटीच मिळवती आहे. आई अंथरुणावर."

"बसा ताई. हनुवटी इथे टेकवा."

काकांनी उजवा डोळा तपासला, डावा तपासला. मग पुन्हा उजवा. तिसऱ्यांदा तपासला तेव्हा पाळकबाई म्हणाल्या, "काय झालं हो?"

"काही नाही." काकांनी कागदावर लिहिलं. उजवा उणे सव्वासहा, सिलिंडर दोन, वीस अंशांवर. डावा अधिक सव्वा. आकडे लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं. हा नंबर त्यांनी आयुष्यात एकाच माणसाच्या डोळ्यांत पाहिला होता, आणि त्या डोळ्यांसाठी घासलेल्या काचा आत्ता छातीला लागून खिशात होत्या.

"मिळेल ना, काका?"

"अवघड आहे," काका म्हणाले. "असल्या काचा मुद्दाम घडवून घ्याव्या लागतात, फार महाग पडतात. पेटीत आला तर बघू."

पेटीत आला तर! खिशाचं नावसुद्धा त्यांनी काढलं नाही. ती "बरं" म्हणून उठली आणि दाराची चौकट हातानं चाचपत गेली. काकांना स्वतःची लाज वाटली, पण हात काही खिशाकडे गेला नाही.

पुढच्या बुधवारी पेटीत एकच चष्मा होता. तपकिरी फ्रेम, बायको वापरायची तसलीच. काकांनी यंत्राखाली धरला. उजवा उणे साडेसहा, सिलिंडर दोन, वीस अंशांवर. डावा अधिक सव्वा. तिच्या शेवटच्या नंबरापेक्षा बरोबर पाव जास्त. काकांनी डाव्या काडीची आतली बाजू उजेडात नेली. फुली होती.

आपणच कधीतरी केला असेल, विसरलो असू, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण उजव्या काचेची किनार नाकाकडे जराशी जाड राहिली होती. त्यांचं चाक झिजल्यावर शेवटच्या दोन वर्षांत तशी राहायला लागली होती. म्हणजे काम त्यांच्याच हातचं, त्याच चाकावरचं. आणि साडेसहाचा नंबर तिला लागायच्या आधीच ती गेली होती. नाकाच्या गाद्या स्वच्छ होत्या, पिवळेपणाचा डागही नाही. हा चष्मा कुणी कधी घातलाच नव्हता.

शिवणवाली आली. पावानं काय बिघडतंय, असं म्हणून काकांनी तोच तिच्या डोळ्यांवर चढवला. तिनं लगेच काढून टाकला.

"यातून काहीच दिसत नाही, काका. नुसतं पांढरं दिसतं." मग नाक चोळत हळूच म्हणाली, "आणि केवढा गार आहे हो!"

काकांनी तो स्वतःच्या डोळ्यांसमोर धरला. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता, खिडकी, सगळं वेडंवाकडं का होईना, दिसत होतं. फ्रेमही साधी, उन्हातली, कोमट. त्यांनी चष्मा ट्रेमध्ये ठेवला.

त्याच्या पुढच्या बुधवारी पावणेसात. तीच फ्रेम, तीच फुली, त्याच कोऱ्या गाद्या.

काका काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारे नव्हते. कुणीतरी चेष्टा करतंय, असं त्यांनी ठरवलं, आणि मंगळवारी नियम मोडला. भर दुपारी बोळातल्या बाकावर पेटीसमोर जाऊन बसले. एका टोकाला बंद दार, दुसऱ्या टोकाला ऊन. चर्चमध्ये कुणी नव्हतं. एक तास गेला, दोन गेले. माशी पेटीवर बसली, उडाली. काकांची नजर फटीवरून हलली नव्हती.

आत आवाज झाला. टक्.

त्यांनी चावी लावून पेटी उघडली. पत्र्यावर चष्मा होता. उजवा उणे सात.

त्या संध्याकाळी त्यांना जेवण गेलं नाही. समोर तिचा चष्मा ठेवला होता, पण त्याच्याकडे बघवेना. वर्षाला पाव वाढायचा तिचा नंबर, आणि इथे आठवड्याला वाढत होता. कुणाचे डोळे एवढ्या घाईनं अधू होत होते?

बुधवारी पेटीत सव्वासात निघाला. काकांनी तो ट्रेमध्ये बाकीच्या तिघांशेजारी ठेवला. चार कोरे चष्मे ओळीनं. पाळकबाई फुलदाणीतलं पाणी बदलायला आल्या होत्या, त्यांनी डोकावून पाहिलं.

"अगंबाई, या तर काकूंच्या फ्रेमा! कशा जायच्या हो त्या, आठवतं का? नवा चष्मा घरी, जुना पेटीत, आणि तुमच्या कोपराला धरून ठेचकाळत. मी म्हणायचे, काकू, नवा घालून या ना. तर म्हणायच्या, छे! जुना दिल्याशिवाय नव्याला हात लावायचा नाही."

पाळकबाई हसल्या आणि फुलदाणी घेऊन गेल्या.

काकांनी ट्रेमधला एक चष्मा उचलला आणि नाकाच्या गाद्यांवरून बोट फिरवलं.

जुना दिल्याशिवाय नव्याला हात लावायचा नाही.

म्हणून गाद्या कोऱ्या होत्या. नवे चष्मे तिच्यापर्यंत पोचत होते आणि ती ते न घालता परत पाठवत होती. कारण जुना अजून दिलेला नव्हता. तो इथे, या खिशात होता. आणि ती कुठेतरी डोळ्यांवर काही नसताना उभी होती, एकटी, धरायला कुणाचा कोपर नाही, आणि दिसणं आठवड्या-आठवड्यानं कमी होत चाललेलं. चौदा महिने आपण तिला जपतोय असं समजत होतो, आणि केलं काय आपण? काकांच्या तोंडून "अगं, अगं" एवढंच निघालं. म्हातारपणी माणसानं रडू नये असं थोडंच आहे? ते रडले.

अकराला शिवणवाली आली, ती सांगायला की आता येत नाही. उद्या महिनाअखेर. मुकादमानं तिच्या मशीनवर दुसरी बाई बसवायचं ठरवलं होतं.

"बसा," काका म्हणाले.

त्यांनी खिशातून चष्मा काढला. रुमालानं पुसला. एकदा पुसला, पुन्हा पुसला. मग उठून बोळात गेले. पेटीच्या फटीतून तो आत सोडला. टक्. चावी लावून तोच बाहेर काढला, खोलीत आणला आणि तिच्या हातात दिला.

"पेटीत आलाय," ते म्हणाले. "घाला."

तिनं घातला. हललीच नाही. मग पदराला टोचून ठेवलेली सुई काढली, पिशवीतून दोरा काढला आणि पहिल्याच झटक्यात ओवला.

"काका! अहो, माझ्यासाठीच केल्यासारखा आहे." तिनं फ्रेमला बोटं लावली. "कुणी दिला हो?"

"ते विचारायचं नसतं."

ती गेली, या वेळी चौकट न चाचपता. काका टेबलाकडे वळले. ट्रेमध्ये तीन चष्मे होते. साडेसहा, पावणेसात, सात. सव्वासात नव्हता.

त्यांनी शोधला नाही. दिवा मालवला, कुलूप लावलं आणि घरी गेले. जेवताना समोरची जागा रिकामी होती, तशीच राहू दिली. कित्येक दिवसांनी त्यांना झोप लागली.

पुढच्या बुधवारी पेटीत पुन्हा एकच चष्मा होता.

काळी फ्रेम. काकांनी सवयीनं यंत्राखाली धरला. दोन्ही डोळे उणे सव्वातीन.

तो त्यांचा नंबर होता. म्हणजे, व्हायचा होता. त्यांच्या नाकावर होता तो तीनचा, पाच वर्षं जुना, काड्यांजवळ पांढुरका पडलेला. अलीकडे रस्त्यावरच्या पाट्या पुसट दिसू लागल्या होत्या खऱ्या.

डाव्या काडीच्या आत फुली होती. वाकडी, दोन रेघा नीट न छेदलेल्या, सुई धरायची सवय नसलेल्या हातानं काढल्यासारखी. एरवी त्यांनी नावं ठेवली असती.

नवा चष्मा त्यांनी खिशात ठेवला. घातला नाही. खिडकी लावली, यंत्रावर फडकं घातलं, चावी पाळकबाईंना दिसेल अशी टेबलावर मधोमध ठेवली.

बोळात पेटीसमोर उभं राहून त्यांनी नाकावरचा चष्मा काढला. लागत होता अजून. त्याच्याशिवाय बोळाचं टोक नुसतं पांढरं होतं.

त्यांनी तो फटीतून आत सोडला आणि कान दिला.

पत्र्यावर आवाज झाला नाही.

काका उन्हाच्या टोकाकडे वळले. मग जुन्या सवयीनं डावा कोपर अंगापासून जरासा बाजूला धरला. उणे तीनच्या माणसाला लांबचं दिसत नाही, पण जवळचं चष्म्याशिवायही स्वच्छ दिसतं. शर्टाच्या इस्त्री केलेल्या बाहीवर, कोपराच्या जरा वर, एकामागून एक चार बोटांच्या चुण्या पडत गेल्या.